बाबा उंटांमागे गेले ती सकाळ

माझे सासरे तिसऱ्यांदा ऑस्ट्रेलियात, आमच्याकडे कालगुर्लीला आले तेव्हा विमानतळावरून घरी येताना गाडीतच त्यांनी सांगून टाकलं, "या खेपेला मला तो खड्डा दाखवायला नेऊ नका."

खड्डा म्हणजे आमच्या गावाला लागून असलेली सोन्याची प्रचंड उघडी खाण. पाहुणे आले की त्यांना तिच्या कठड्याशी उभं करायचं, खाली मुंगीएवढे दिसणारे डंपर दाखवायचे, आणि मग गावात दाखवण्यासारखं फारसं काही उरत नाही. मी गावाबाहेरच्या एका दुसऱ्या खाणीत इंजिनिअर आहे, बायको हॉस्पिटलात डॉक्टर. आम्ही दोघं शिफ्टला आणि मुलगी शाळेत गेली की बाबा दिवसभर एकटे. आधीच्या दोन्ही खेपांना त्यांनी आमच्या मागच्या अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांचे आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याचे फोटो काढून दिवस ढकलले होते.

बाबांचा कराडला फोटो स्टुडिओ होता. कॉलेजच्या ओळखपत्रापासून साखरपुड्यापर्यंत अख्ख्या गावाला त्यांनी कधी ना कधी आपल्या स्टुलावर बसवलेलं. सासूबाई गेल्या त्यानंतर त्यांनी स्टुडिओ बंद केला, पण गळ्यातला कॅमेरा काही उतरला नाही. माणूस टापटिपीचा आणि अबोल. माझ्याशी तर फारच अबोल. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली तरी ते मला अहोजाहो करायचे. फोनवर आमचं बोलणं "कसे आहात?", "मजेत, तुम्ही?", "मजेत, हिला देतो" इथे संपायचं. वैर काही नव्हतं. जावई म्हणून मी त्यांना पसंत होतो, सासरे म्हणून ते मला पसंत होते, आणि त्या पसंतीतच आम्ही दोघं अवघडून बसलो होतो.

उलुरूला, म्हणजे देशाच्या मधोमध वाळवंटात उभा असलेला तो प्रचंड तांबडा खडक बघायला, जायची कल्पना बायकोची. जुलैची शाळेची सुट्टी लागणार होती. तिला ऑनकॉलमुळे जेमतेम चार दिवस सुटत होते आणि मुलीला कच्च्या रस्त्यावर हमखास उलट्या होतात, म्हणून त्या दोघी विमानं बदलत येणार. "तू आणि बाबा गाडीने या," ती म्हणाली. "वाळवंटातून. आयुष्यात एकदा करायचा रस्ता आहे म्हणतोस ना? मग घेऊन जा त्यांना. दोन माणसं इतके दिवस एका गाडीत बसली तर काहीतरी बोलतीलच."

बाबांना विचारलं. त्यांनी नकाशा बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "उजेड कसा असतो तिकडे?"

"भरपूर असतो," मी म्हणालो. एवढ्यावर त्यांचा होकार मिळाला.

तयारीच्या बाबतीत मी खाणवाला आहे. दोन जादा टायर, पाण्याचे कॅन, डिझेलचे कॅन, फावडं, दोर, औषधांची पेटी. मधली बरीच जमीन तिथल्या मूळ लोकांची, तिच्यातून जायचे परवाने काढले. एका सहकाऱ्याकडून बीकन आणला. बीकन म्हणजे जुन्या मोबाइलएवढा पिवळा डबा. मोबाइलला रेंज नसते तिथे जिवावर बेतलं तर अँटेना उभी करून बटण दाबायचं; सिग्नल उपग्रहावरून बचाव केंद्रात जातो. कुणाला कळवायचं तो नंबर आधी नोंदवून ठेवावा लागतो. मी बायकोचा नोंदवला. बाबांनी सोबत घेतलं ते कॅमेरा, शुगरच्या गोळ्या, कानटोपी आणि लिमलेटच्या गोळ्यांचं पुडकं.

लॅव्हर्टन गावापर्यंत डांबरी रस्ता आहे. त्यानंतर तांबडी माती सुरू होते आणि मग दिवसचे दिवस तांबडी मातीच. रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या असतात. हळू गेलं तर हाडं खिळखिळी होतात, जोरात गेलं तर गाडी लाटांच्या माथ्यावरून तरंगत जाते, पण मग वळताना हातात राहत नाही. बाबा डाव्या सीटवर दोन्ही हातांनी कॅमेरा पोटाशी धरून बसले होते, एखाद्या आजारी मुलाला घेऊन बसावं तसे. रस्त्याच्या कडेला जुन्या गाड्यांचे गंजलेले सांगाडे उलटेपालटे पडलेले दिसत. पहिला सांगाडा दिसल्यावर त्यांनी विचारलं, "यातली माणसं?"

"मागून आलेल्या गाडीतून गेली असणार. गाडी ओढून न्यायची तर गाडीपेक्षा जास्त खर्च. म्हणून सोडून देतात."

"हं," ते म्हणाले. पुढच्या प्रत्येक सांगाड्याकडे मात्र मान वळवून बघायचे.

पहिल्या दोन दिवसांत आम्ही बोललो ते एवढंच. पाणी हवंय का, थांबायचं का, चहात साखर नको. मुक्कामाला मी तंबू ठोकायचो, ते खुर्च्या उघडायचे. जुलैत वाळवंटात दिवसा छान ऊन असतं आणि सूर्य बुडाला की हाडं गोठतात. बाबा कानटोपीवर मफलर, मफलरवर स्लीपिंग बॅगची टोपी अशा थरांत झोपायचे. त्यांचे फक्त डोळे दिसायचे. मी त्यांना पहिल्याच मुक्कामी सांगून ठेवलं होतं, "बाबा, सकाळी झाडाआड जाल तेव्हा गाडी नजरेआड होईल इतकं लांब जायचं नाही. इथे सगळं सारखंच दिसतं."

"हो, हो," ते म्हणाले. लहान मुलाला सांगावं तसं मी सांगतोय हे त्यांना आवडलं नसावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याच्या उजवीकडे झुडपांमध्ये उंट दिसले. सात-आठ असतील. बाबा एकदम ओरडलेच. "उंट! अहो, उंट! ऑस्ट्रेलियात?"

मी सांगितलं, की रस्ते नव्हते तेव्हा सामान वाहायला आपल्याकडच्या बाजूनेच बोटीतून आणले होते, उंटवाल्यांसकट. मग ट्रक आले आणि उंट सोडून दिले. आता रानटी झालेत, हजारोंनी फिरतात.

"थांबवा ना जरा."

पण मागून एक तीन-तीन डबे जोडलेला अजस्र ट्रक धुळीचा डोंगर घेऊन येत होता. अशा वेळी रस्त्यावर थांबणं म्हणजे मरणच. जागा सापडून मी गाडी बाजूला घेईपर्यंत उंट मागे पडले होते. "पुढे दिसतील," मी म्हणालो. पण संध्याकाळपर्यंत बाबांनी उजवीकडची काच खाली करून ठेवायला लावली. सगळी धूळ माझ्या तोंडावर.

त्या संध्याकाळी रस्त्यापासून थोडं आत, उत्तरेच्या बाजूला, मल्गाच्या झाडांच्या एका पट्ट्यामागे आम्ही उतरलो. मल्गा म्हणजे आपल्या बाभळीचाच भाऊबंद, पण काटे नसलेला. खिचडी केली, खाल्ली, झोपलो.

सकाळी मला जाग आली तेव्हा बाबांची स्लीपिंग बॅग रिकामी होती. उजाडलं होतं, सूर्य झाडांच्या बुंध्यांमधून आत येत होता. मी स्टोव्ह पेटवून चहा टाकला. त्यांचा बिनसाखरेचा कप गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि माझा घेऊन खुर्चीत बसलो. छान शांत होतं. माझा कप संपला. त्यांच्या कपातल्या चहावर साय धरली.

तेव्हा मी पहिल्यांदा हाक मारली. "बाबा!"

त्या मोकळ्यात हाक कशालाच आपटत नाही. जाते आणि संपते. मी दुसरी मारली, तिसरी मारली. मग गाडीत बसून हॉर्न वाजवला, बंद केला, कान देऊन ऐकलं, परत वाजवला. कावळे उडाले, बाकी काही नाही. गाडीत पाहिलं तर त्यांची पाण्याची बाटली जागेवर होती. गोळ्यांचा डबा जागेवर होता, म्हणजे सकाळची गोळी घेतलेली नव्हती. कॅमेरा नव्हता.

वाळूत त्यांच्या बुटांचे ठसे होते. ते बूट मीच घेऊन दिले होते, तळव्याला चौकटी असलेले. ठसे झाडांच्या पट्ट्यातून बाहेर निघून उत्तरेकडे गेले होते. थोडं पुढे त्यांच्या बाजूला मोठाले, दोन फाकांचे, मऊ ठसे दिसायला लागले आणि सगळा प्रकार माझ्या लक्षात आला. उंट. बाबा उंटांमागे गेले होते. उंट चरत चरत पुढे सरकणार आणि बाबा आणखी थोडा चांगला फोटो मिळावा म्हणून त्यांच्यामागे. मी पाण्याची बाटली घेऊन ठशांवरून निघालो. दर थोड्या वेळाने मागे वळून गाडीचा पांढरा टप दिसतोय ना ते बघत होतो. वाळू संपून लालसर खड्यांचं कडक मैदान लागलं आणि ठसे संपले. बाबांचे संपले, उंटांचेही संपले. समोर खुरटी, काटेरी गवताची गोल बेटं, त्यामागे आणखी तशीच बेटं, क्षितिजापर्यंत. मी मागे पाहिलं तर टप दिसत नव्हता.

 मी आणखी एक पाऊल पुढे टाकलं असतं तर आम्ही दोघं हरवलो असतो. मी माझ्याच ठशांवरून उलटा धावत आलो.

गाडीपाशी येऊन मी काय काय केलं ते मला तुटक तुटकच आठवतं. गाडीच्या टपावर चढून हाका मारल्या. कालच्या शेकोटीत निखारे होते, त्यांवर काटक्या टाकून जाळ केला आणि हिरव्या फांद्या तोडून वर टाकल्या. पांढरा दाट धूर निघाला आणि वारा नसल्यामुळे सरळ वर गेला. मला जरा बरं वाटलं. हाक कुठून येते ते कळत नाही, धूर कुठून येतो ते कळतं. धावत रस्त्यावर गेलो, दोन्ही बाजूंना पाहिलं. कुणी नाही. परत येऊन फांद्या टाकल्या. गाडीतल्या वायरलेस रेडिओवर बोललो, "कुणी ऐकतंय का?" खरखर ऐकू आली फक्त.

आणि हे सगळं करताना डोक्यात दुसरंच चालू होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, शुगर, पोटात अन्न नाही, हातात पाणी नाही. थंडीचे दिवस होते म्हणून बरं, उन्हाळा असता तर... पण दुपारपर्यंत ऊन चढणारच होतं. आणि विमानतळावर बायको उतरणार, दोन्ही बाजूंना बघणार आणि विचारणार, बाबा कुठेत? त्या प्रश्नाचं मी तोंड उघडून काय उत्तर देणार होतो?

मी बीकन हातात घेतला. खाणीत आम्हाला शिकवलेलं असतं, की मदत लवकर मागावी. उशिरा मागून शहाणं ठरलेला माणूस कुणी पाहिलेला नाही. तरी माझा हात थांबला. कारण बटण दाबलं की पहिला फोन बायकोला जाणार होता. तिला फक्त एवढंच कळणार होतं की आमच्या बीकनने धोक्याचा सिग्नल दिलाय. काय झालंय, कुणाला झालंय, काही नाही. ती ओपीडीत असेल, समोर पेशंट असेल.

मी अँटेना उभी केली आणि बटण दाबलं. छोटा दिवा लुकलुकायला लागला. आता काही माझ्या एकट्याच्या अंगावर नव्हतं हे जाणवून मला त्या अवस्थेतही थोडं हलकं वाटलं.

त्यानंतर मी फक्त फांद्या तोडत राहिलो. हॉर्न, फांद्या, हाक. हॉर्न, फांद्या, हाक. घसा बसला.

ऊन चांगलंच वर आलं असेल तेव्हा रस्त्याच्या बाजूने इंजिनचा आवाज आला. उलुरूच्या दिशेकडून येणारी गाडी. मी धावत सुटलो, दोन्ही हात हलवत. मागे कॅरव्हॅन जोडलेली मोठी गाडी होती, धुळीने माखलेली. ती रस्त्यावरून आमच्या वाटेवर वळली आणि माझ्यासमोर थांबली. चालवणारे गृहस्थ म्हातारे ऑस्ट्रेलियन, पांढरी दाढी, हातभर रुंद टोपी. त्यांनी काच खाली केली. 

त्यांनी अंगठा मागे केला आणि म्हणाले, "धिस वन योर्स, मेट?"

मागच्या सीटवर बाबा बसले होते. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर मोठा मग, हातात अर्धवट खाल्लेलं बिस्कीट. डोक्यावर कानटोपी. त्यांच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाई त्यांना आणखी एक बिस्कीट देत होत्या.

मी दार उघडलं आणि काही न सुचून त्यांचा हातच धरला. मग मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं, आणि दोन्ही एकदम चालू झाल्यावर मला ते आवरेना. मी गाडीच्या पायरीवर बसलो. बाई उतरल्या आणि माझ्या पाठीवर थोपटत म्हणाल्या, "यू आर राइट, लव्ह. यू आर राइट." म्हणजे त्यांच्या बोलीत, सगळं ठीक आहे.

बाबा मात्र बिस्कीट हातात धरून माझ्याकडे बघत होते. त्यांनी मला असं कधी पाहिलंच नव्हतं. "अरे," ते म्हणाले, "अरे, काय झालं तुला? मी आहे ना इथे. चहा घेतलास का तू?"

मी मान हलवली. त्यांनी आपला मग माझ्यापुढे केला. त्यात दोन-तीन चमचे तरी साखर होती. मी तो संपवला.

तेवढ्यात मला बीकन आठवला. मी उठून धावलो, बटण बंद केलं. पण बंद केल्याने काय होणार, फोन तर केव्हाच गेला असेल. गृहस्थांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "नो वरीज," आणि गाडीच्या कप्प्यातून सॅटेलाइट फोन काढला. ते दरवर्षी हिवाळ्यात असे फिरतात, त्यामुळे सगळं जवळ बाळगतात. आधी बचाव केंद्राला फोन लावून त्यांनीच सगळी हकीकत सांगितली: म्हातारा माणूस चुकला होता, सापडला, धडधाकट आहे, बिस्कीट खातोय. पलीकडच्या मुलीने माझं नाव विचारून खात्री केली. पुढच्या वस्तीवरून पोलीस निघायच्याच बेतात होते, त्यांना ती थांबवते म्हणाली. मी चारचारदा सॉरी म्हणालो तर तिने मला मध्येच तोडलं. "सापडले ना? मग याचसाठी असतं ते. तुमच्या पत्नी फोनची वाट बघतायत. आधी त्यांना करा."

मी नंबर फिरवला. त्या फोनवर एक शब्द बोलला की पलीकडे पोचायला क्षणभर लागतो.

"हॅलो?" बायकोचा आवाज एकदम सपाट होता. पेशंट गंभीर असला की तिचा आवाज असा होतो.

"मी बोलतोय. सगळं ठीक आहे."

मधला तो क्षण गेला.

"बाबा?"

"बाबाही ठीक आहेत. इथेच आहेत. चुकले होते, सापडले."

"पडलेत? लागलंय? शुद्धीवर आहेत?"

"काही नाही. बिस्कीट खातायत."

"बिस्कीट? शुगर आहे त्यांना!" ती म्हणाली, आणि मग पलीकडून नुसता श्वास ऐकू यायला लागला.  शेवटी ती म्हणाली, "त्यांना दे."

मी बाबांच्या कानाला फोन लावला. ते नेहमीसारखेच मोठ्याने बोलले, जणू कराडहून बोलतायत. "हो. हो. अगं, काही नाही. फोटो काढत होतो. नाही, चक्कर नाही आली. हो, घेतो गोळी. आता रडू नकोस, पेशंट बघतील. अगं, तो बघ किती घाबरलाय, त्याच्याशी जरा चांगलं बोल." फोन परत माझ्याकडे आला तोपर्यंत ती सावरली होती. म्हणाली, "आता ते म्हणतील तिथे थांब. प्रत्येक उंटापाशी थांब. पण गाडीतून उतरले की तू बरोबर उतर." आणि नाक ओढून फोन ठेवला.

मग आम्ही चौघं झाडाखाली बसलो. त्या जोडप्याला घाई नव्हती. मी उपमा करायला घेतला, पण कांदा धड चिरता येईना. बाबांनी माझ्या हातातली सुरी काढून घेतली आणि स्वतः चिरला. चिरता चिरता त्यांनी सांगायला सुरुवात केली. मला मराठीत, मध्येच त्या दोघांना इंग्रजीत. एवढं सलग बोलताना मी त्यांना ऐकलंच नव्हतं.

पहाटे ते झाडाआड म्हणून उठले तर समोर उंट. मागून सूर्य उगवतोय, उंटांच्या कडांना सोनेरी रेघ, नाकातून वाफ निघतेय. "असा उजेड मला स्टुडिओत चार-चार दिवे लावून जमला नाही," ते म्हणाले. दहा पावलं पुढे, मग आणखी दहा. उंट थांबले की हेही थांबायचे. बऱ्याच वेळाने उंट जोरात चालायला लागले, तेव्हा हे वळले तर झाडांचा पट्टा दिसेना. म्हणजे पट्टे दिसत होते, सगळीकडेच दिसत होते.

"मग मी घाबरलो नाही," बाबा म्हणाले. "सूर्यावरून दिशा काढली. रस्ता दक्षिणेला होता, हे मला माहीत होतं. सकाळची वेळ, म्हणजे सूर्य पूर्वेकडून दक्षिणेकडे झुकलेला असणार. त्याच्या अंदाजाने बरोबर दक्षिण धरली आणि चालत सुटलो. पण रस्ता येईचना!"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "बाबा, इथे सूर्य उत्तरेकडून जातो."

"काय?"

"आपण विषुववृत्ताच्या खाली आहोत. इथे सूर्य पूर्वेला उगवतो, पण दिवसभर उत्तरेला कलतो. तुम्ही दक्षिणेला नाही, सरळ पूर्वेला चालत होता."

त्यांची सुरी हवेतच राहिली. त्यांनी वर पाहिलं, सूर्याकडे, मग आपल्या सावलीकडे. मग इतके मोठ्याने हसले की त्या बाई दचकल्या. "आयुष्यभर उजेडावर पोट भरलं," ते म्हणाले, "आणि उजेडानंच असा मामा बनवला!"

नशीब हे, की पुढे तो रस्ता वळत वळत ईशान्येला चढतो. पूर्वेला चालता चालता बाबा शेवटी त्याच रस्त्याला जाऊन लागले. आता मुक्काम मागे की पुढे? त्यांनी पुन्हा आपल्या हिशोबाने ठरवलं आणि अर्थातच उलट्या दिशेने निघाले. माझा हॉर्न त्यांना दोन-तीनदा ऐकू आला होता, पण तो कधी समोरून यायचा, कधी मागून. धूर त्यांनी पाहिलाच नाही, कारण तो त्यांच्या पाठीमागे होता. लिमलेटच्या गोळ्या चघळत ते चालले होते. समोरून कॅरव्हॅन आली तेव्हा त्यांनी, बस थांबवावी तसा, हात केला.

"मी विचारलं, कुठे निघालात?" दाढीवाले गृहस्थ सांगत होते. "तर म्हणाले, माय सन इज वेटिंग, विथ टी."

सन म्हणाले की सन-इन-लॉ, हे मी काही विचारलं नाही.

उपमा झाला. बाईंनी दोनदा घेतला, गृहस्थांनी मिरच्या वेचून बाजूला ठेवल्या. निघायच्या वेळी बाबांनी त्या दोघांना थांबवलं. "फोटो," ते म्हणाले. त्यांनी त्या दोघांना उन्हातून काढून कॅरव्हॅनच्या सावलीत उभं केलं, गृहस्थांची टोपी काढायला लावली, बाईंचा खांदा किंचित वळवला, मग दोन पावलं मागे येऊन, ज्या इंग्रजीत ते कधी अडखळत नाहीत त्या इंग्रजीत म्हणाले, "चिन लिटल डाऊन, मॅडम. व्हेरी गुड. नाऊ लुक ॲट हिम, नॉट मी." बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा लाजला. तेव्हाच बाबांनी बटण दाबलं. तो फोटो आम्ही नंतर त्यांना पाठवला. तो त्यांच्या घरात दिवाणखान्यात लावलाय, असं त्यांनी कळवलं.

पुढचा सगळा रस्ता आम्ही बोलत गेलो. म्हणजे बाबा बोलत होते. सासूबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या पासपोर्ट साइज फोटो काढायला आल्या होत्या आणि बाबांनी मुद्दाम दोन वेळा फिल्म खराब झाली म्हणून परत बोलावलं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. बायकोलाही नव्हतं. उंट आणखी दोनदा दिसले. दोन्ही वेळा मी गाडी थांबवली आणि उतरलो, दोन्ही वेळा बाबा माझ्या बाहीला धरून उभे राहिले आणि दुसऱ्या हाताने फोटो काढले. त्यातला एकही धड आला नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मध्येच ते मला विचारायचे, "दमलास का? थांबायचं?" आणि मी "नाही बाबा" म्हणायचो, तेव्हा मला वाटायचं, हा रस्ता असाच आणखी दोन दिवस चालला तरी चालेल.

राज्याची सीमा ओलांडल्यावर उंच, झुकलेल्या फांद्यांची झाडं लागली, मग निळसर डोंगर, आणि शेवटी एकदम डांबरी रस्ता. चाकांखालची खडखड थांबली तेव्हा आम्ही दोघंही एकदमच "आहा" म्हणालो.

विमानतळावर बायको बाहेर आली ती सरळ बाबांपाशी गेली. तिने त्यांचं मनगट धरून नाडी बघितली, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, मग त्यांच्या छातीवर डोकं टेकून उभी राहिली. मुलगी मध्ये घुसून विचारत होती, "आजोबा, डिड यू राइड द कॅमल?"

"नो," बाबा म्हणाले. "द कॅमल टुक मी फॉर अ वॉक."

संध्याकाळी उलुरूजवळच्या कॅम्पवर गरम पाण्याचे शॉवर होते. इतक्या दिवसांनी अंगावरची तांबडी माती धुवायला बाबा टॉवेल घेऊन आत गेले आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. तिथे हरवायला काही जागा नव्हती. चारी बाजूंना तंबू, दिवे, सायकली घेऊन फिरणारी मुलं. तरी मी बसलो. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि बाबा काहीतरी गुणगुणत होते, सूर सोडून. बायको आली आणि माझ्या शेजारी बसली.

"कशाला बसलायस इथे?" तिने विचारलं.

"असाच," मी म्हणालो.

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. माझ्या शर्टाला अजून धुराचा वास येत होता. बाबांनी आत पाण्याचा नळ आणखी मोठा सोडला.